तीन तास आणि पंचावन्न वर्षं

तुमच्या इन्स्टाग्रामवर स्किनकेअरवाल्या मुली असतील, तर ‘ट्रानेक्सॅमिक ॲसिड’ हे नाव तुम्ही ऐकलं असणारच. चेहऱ्यावरचे वांग घालवणारं सीरम. तीन टक्क्यांचं की पाच टक्क्यांचं, नायसिनमाइडच्या आधी लावायचं की नंतर, सकाळी की रात्री, यावर कमेंटमध्ये शेकडो मुली पोटतिडकीनं भांडत असतात. आता घरातल्या औषधांच्या डब्यात बघा. आई, काकू, ताई यांच्यापैकी कुणाला पाळीत फार जात असेल, तर तिथे गोळ्यांची एखादी अर्धवट संपलेली पट्टी सापडेल. तिच्या मागच्या चंदेरी बाजूवर बारीक अक्षरांत हेच नाव असतं. पुण्याच्या एम्क्युअर कंपनीनं आपल्या गोळीचं नाव ‘पॉज’ ठेवलंय. औषध कंपन्यांची नावं सहसा जीभ वळत नाही अशी असतात, त्यामुळे हे बारसं करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

हेच रसायन हायवेवरच्या अपघातात चेंगरलेल्या माणसाच्या शिरेत सोडतात. बायपासच्या वेळी देतात. हिमोफिलिया असलेल्याची दाढ काढायची असेल तर देतात. आणि बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं की देतात. हे शेवटचं काम खरं तर पहिलं असायला हवं होतं, कारण जिनं हे औषध शोधलं त्या बाईंच्या मनात तेच होतं. ते काम या औषधापर्यंत पोचायला पंचावन्न वर्षं लागली. ती का लागली, हे मी गेले काही महिने वाचतेय.

सुरुवात टोकियोत होते. उताको ओकामोतो यांचा जन्म १९१८ सालच्या १ एप्रिलचा. आधी त्या दंतवैद्यकीला गेल्या, मग ते सोडून टोकियोच्या मुलींच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज योशिओका यायोई या डॉक्टरबाईंनी १९०० साली काढलं होतं, कारण त्या स्वतः जिथे शिकल्या त्या संस्थेनं मुलींना घेणं बंद केलं होतं. उताकोबाई तिथून डिसेंबर १९४१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. म्हणजे पर्ल हार्बर झालं त्याच महिन्यात. सुरुवातीला त्यांचं काम लहान मेंदूवर होतं. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, त्या केइओ विद्यापीठात आल्या आणि नवरा शोसुके ओकामोतो यांच्याबरोबर रक्ताकडे वळल्या.

रक्तच का? मला हे कारण फार आवडतं. हरलेल्या, जळालेल्या शहरात प्रयोगशाळेला काहीच मिळत नव्हतं. रसायनं नाहीत, उपकरणं नाहीत, प्राणी नाहीत. रक्त मात्र फुकट होतं. कमी पडलं तर स्वतःचं काढता येत होतं. हे उताकोबाईंनीच पुढे म्हातारपणी एका मुलाखतीत हसत सांगितलंय.

मुलीला सांभाळायला कुणी नसे, म्हणून तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. एकदा बालरोगतज्ज्ञांच्या एका परिषदेला त्या आणि त्यांची एक सहकारी गेल्या, तर दारातूनच परत पाठवलं: बायका-मुलांसाठी नाही म्हणे हा कार्यक्रम. विषय बालरोग, हे लक्षात घ्या. दुसऱ्या एका परिषदेत त्या निबंध वाचायला उभ्या राहिल्या, तेव्हा सभागृहातल्या पुरुषांनी, आता तुम्ही आम्हाला नाच करून दाखवणार का, असं विचारून टर उडवली. त्यांनी निबंध वाचला.

आता हे औषध करतं काय ते थोडं बघू. शाळेत आपण एवढंच शिकतो की जखम झाली की रक्त गोठतं. त्याच्या पुढचा भाग शिकवत नाहीत, आणि सगळी गोष्ट त्या पुढच्या भागात आहे. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंततात आणि जाळं तयार होतं. हे जाळं म्हणजे बांधकामावरची परांची समजा. भिंत उभी राहीपर्यंत ती लागते, नंतर ती काढावीच लागते, नाहीतर रक्तवाहिनी कायमची तुंबेल. म्हणून परांची सोडवणारा कामगार शरीर आधीपासूनच तयार ठेवतं. त्याचं नाव प्लाझ्मिन. रक्तात तो प्लाझ्मिनोजेन या रूपात निवांत फिरत असतो, काम निघालं की प्लाझ्मिन होतो. फायब्रिनच्या धाग्यांवर लायसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या कड्या असतात, त्या कड्यांना धरून हा कामगार जाळ्यावर चढतो आणि जाळं तोडायला लागतो.

लायसिन म्हणजे काही परकं नव्हे. तांदळात ते कमी असतं आणि डाळीत भरपूर, म्हणून वरणभात एकत्र खाल्ला की हिशेब जुळतो.

मोठी जखम झाली किंवा बाळंतपणात रक्त वाहायला लागलं, की कधीकधी या कामगाराला घाई होते. भिंत अजून ओली असताना तो परांची काढायला लागतो. ओकामोतो दांपत्याला असा पदार्थ हवा होता, जो दिसायला लायसिनसारखा असेल आणि जाऊन कामगाराच्या हातातच बसेल. हात भरलेले असले की जाळ्यावर चढणार कसं? या औषधाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की ते रक्त गोठवतं. ते नवी गुठळी बनवत नाही. शरीरानं बनवलेली गुठळी वेळेआधी विरघळू देत नाही, एवढंच त्याचं काम. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीन तासांचा मुद्दा येईल तेव्हा ती लागेल.

लायसिनमध्ये हा गुण होता, पण अगदी दुबळा. मग त्यांनी त्याचे भाऊबंद तपासायला घेतले. एप्सिलॉन-अमिनोकॅप्रोइक ॲसिड हे पहिलं कामाचं निघालं. (नायलॉन-६ हे आपल्याला माहीत असलेलं नायलॉन. त्याच्या साखळीतली एकेक कडी म्हणजे हाच रेणू. रसायनशास्त्राला लाजलज्जा नसते, दोरीत आणि औषधात ते एकच वस्तू वापरतं.) पण त्याचे डोस भलतेच मोठे होते, ग्रॅमच्या ग्रॅम द्यावे लागत. रेणूचा मधला भाग लवचीक, वळवळणारा. तिथे सहा कार्बनचं ताठ कडं बसवलं तर दोन टोकांमधलं अंतर पक्कं राहील, आणि कामगाराच्या हातात ते घट्ट बसेल. असा रेणू त्यांनी तपासला आणि १९६२ मध्ये केइओ विद्यापीठाच्याच वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. त्यांच्या मोजणीत हा पदार्थ आधीच्यापेक्षा २७ पट जोरकस भरला. या रेणूची दोन रूपं असतात, सिस आणि ट्रान्स. त्यातलं ट्रान्स रूपच कामाचं, हे त्यानंतर लवकरच कळलं. ट्रान्स आणि सायक्लोहेक्झेन या दोन शब्दांचे तुकडे जोडून नाव झालं ट्रानेक्सॅमिक ॲसिड.

पुढे दोघं कोबे शहरात गेले. उताकोबाईंना तिथल्या कोबे गाकुइन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं, १९६६ मध्ये. बाळंतपणातला रक्तस्राव त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होता. निरोगी, तरुण बाई काही तासांत जाते, त्यावर आपलं औषध चाललं पाहिजे. पण त्यासाठी प्रसूतितज्ज्ञांनी ते बाळंतिणींवर वापरून बघायला हवं होतं. कोबेतल्या डॉक्टरांना त्या सांगत राहिल्या. कुणी तयार झालं नाही.

औषध मात्र बाकी सगळीकडे फिरून आलं. जपानमध्ये घसा सुजल्यावर द्यायच्या गोळ्यांत गेलं. हृदयाच्या ऑपरेशनात गेलं. अमेरिकेत १९८६ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती हिमोफिलियाच्या रुग्णांचा दात काढण्यासाठी; दंतवैद्यकी सोडून आलेल्या बाईंना याची गंमत वाटली असेल का, कोण जाणे. १९७९ मध्ये जपानमधूनच नोंद आली, की अंगावर पित्त उठतं म्हणून हे औषध दिलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावरचे वांग फिके झाले. तुमच्या सीरमचा उगम तिथे.

बायकांच्या रक्ताच्या वाट्याला ते आधी आलं पाळीच्या रूपात, आणि तेही युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये. पुस्तकाप्रमाणे एका पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते ‘फार’. ८० मिली म्हणजे साधारण एक कटिंग चहा. अर्थात, कुणी मोजत नाही. बायका पॅडांच्या हिशेबात बोलतात, चादरींच्या हिशेबात बोलतात, गाठी किती मोठ्या पडल्या ते रुपयाच्या नाण्याशी तुलना करून सांगतात. आणि बहुतेक जणी मुळात सांगतच नाहीत, कारण आईलाही असंच जायचं आणि आजीलाही.

एक छोटा प्रयोग इथे सांगायलाच हवा. १९९६ मध्ये आयर्लंडमधल्या जॉन बॉनर आणि ब्रायन शेपर्ड या दोघांनी पाळीत फार जाणाऱ्या ७६ बायकांवर तीन औषधं ताडून पाहिली आणि प्रत्यक्ष रक्त मोजलं. एथॅमसिलेटनं काहीच फरक पडला नाही. मेफेनॅमिक ॲसिडनं रक्त २० टक्क्यांनी कमी झालं. ट्रानेक्सॅमिक ॲसिडनं ५४ टक्क्यांनी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. एथॅमसिलेट आपल्याकडे त्यानंतरही बिनदिक्कत लिहून दिलं जातं.

मी हे वाचत होते तेव्हा मावशीला फोन केला. ती नगर जिल्ह्यातल्या एका गावात असते. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली, १९९८ मध्ये. पाळी दहा-दहा दिवस चालायची. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. चार दिवसांत ऑपरेशन. मी विचारलं, “मावशी, आधी गोळ्या दिल्या होत्या का गं काही?”

“दिल्या होत्या ना. लाल.”

लाल म्हणजे लोहाच्या.

“आणि रक्त थांबायच्या?”

“अगं, तेव्हा कोण विचारतंय, अशी गोळी असते का म्हणून? डॉक्टर म्हणाला काढा, तुझे काका म्हणाले काढा, मी म्हटलं काढा. एकदाची कटकट गेली.” मग थोडं थांबून म्हणाली, “गुडघे मात्र तेव्हापासनं गेले.”

गुडघ्यांचा आणि त्या ऑपरेशनचा संबंध आहेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिची बीजांडंही तेव्हाच काढली होती, आणि ती गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे सगळ्या पुस्तकांत आहे. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला फाईलही दिली नव्हती.

मावशी काही एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या साधारण तीन टक्के बायकांची गर्भपिशवी काढलेली दिसते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितलंय पाळीत फार जाणं किंवा दुखणं. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेला आकडा तर तुम्ही तेव्हा बातम्यांत ऐकला असेल: ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. तिथे कोयत्याची उचल आधी घेतलेली असते, पाळीसाठी घरी बसलं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. उसाच्या फडात संडास नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. तिथली सगळी ऑपरेशनं जास्त रक्त जातं म्हणून झाली नव्हती. पांढरं जाणं, पोटात दुखणं, जंतुसंसर्ग असं बरंच काही होतं, आणि डॉक्टरांनी घातलेली भीती होती. त्या प्रश्नाचं उत्तर गोळीच्या पट्टीत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या हजारो जणींची तक्रार फक्त ‘फार जातं’ एवढीच असते, त्यांच्यापुढे पाळीच्या तीन-चार दिवसांपुरती घ्यायची गोळी न ठेवता थेट ऑपरेशन ठेवलं जातं, याला वैद्यकीय निर्णय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (गोळी सगळ्यांना चालत नाही हेही इथेच सांगते. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. मैत्रिणीच्या पट्टीतली उचलून घ्यायची नाही.)

गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या. तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. उताकोबाईंचं औषध तेव्हा सत्तावीस वर्षांचं झालं होतं.

त्यांचं मूळ काम, बाळंतपणाचं, अजून तसंच पडलं होतं. ते हलायला कारण झाले रस्त्यावरचे अपघात. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये इयान रॉबर्ट्स आणि हलीमा शकूर यांनी एक साधा प्रश्न घेतला: ऑपरेशनच्या टेबलावर रक्त वाचवणारं हे औषध अपघातातल्या माणसाला दिलं तर? औषध जुनं, पेटंट कधीच संपलेलं, स्वस्त. अशा औषधाच्या मोठ्या चाचणीत कंपन्यांना रस नसतो, त्यामुळे मुख्य पैसा ब्रिटिश सरकारचा. ‘क्रॅश-२’ असं त्या चाचणीचं नाव. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ माणसं. त्यात सगळ्यात जास्त माणसं भारतातली होती, साडेचार हजारांहून अधिक. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत रात्री-अपरात्री आणलेल्या, कुणाच्या तरी दुचाकीवरून पडलेल्या, परातीवरून घसरलेल्या, भोसकलेल्या माणसांच्या आधारावर जगाला हे उत्तर मिळालंय, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

२०१० मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत १६ टक्के मेले, मिळालेल्यांत १४.५ टक्के. फरक लहान दिसतो, पण शंभरात दीड माणूस, आणि खर्च काहीशे रुपये. दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यांची नव्याने छाननी झाली, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. दुखापतीनंतर तासाभरात औषध दिलं, तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू एक-तृतीयांशानं कमी. एक ते तीन तासांत दिलं, तर एक-पंचमांशानं. तीन तासांनंतर दिलं, तर असे मृत्यू उलट वाढले. परांची आठवा. घाईचा कामगार सुरुवातीच्या तासांतच काम उरकतो. एकदा जाळं तुटलं की मग त्याचे हात भरून उपयोग नाही, आणि तोवर शरीराचं पारडं भलत्याच ठिकाणी गुठळ्या होण्याकडे झुकलेलं असतं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अपघातातल्या रक्तस्रावासाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. युद्धावरचे सैनिक, ॲम्ब्युलन्स, हेलिकॉप्टर, सगळीकडे ते जाऊन बसलं.

निकाल आला तेव्हा उताकोबाई ९२ वर्षांच्या होत्या. शोसुके २००४ मध्येच गेले होते.

त्याच चमूनं २०१० मध्ये बाळंतिणींसाठीची चाचणी सुरू केली. ‘वुमन’ हे नाव. २१ देशांतली १९३ रुग्णालयं, २०,०६० बायका. सहा वर्षं लागली. एप्रिल २०१६ मध्ये शेवटच्या बायकांची नोंद झाली, आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, उताकोबाई कोबेत वारल्या. वय ९८. निकाल छापून आला एप्रिल २०१७ मध्ये. रक्तस्रावानं मेलेल्यांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आलं. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२ वर. आकड्यांत बघायचं तर १२७ मृत्यूंच्या जागी ८९. गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. अनेक ठिकाणी तो निर्णय औषध लागू पडायच्या आधीच झालेला असे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस बदलली: बाळंतपणानंतर जास्त रक्त जात असेल तर तीन तासांच्या आत एक ग्रॅम शिरेतून. नंतरच्या एका विश्लेषणात दिसलं, की दर पंधरा मिनिटांच्या उशिराला औषधाचा फायदा दहा टक्क्यांनी घटतो.

इथे टाळ्या वाजवून थांबावंसं वाटतं, पण लगेच पुढचे निकालही आहेत. आतड्यातून, जठरातून रक्त जाणाऱ्या १२,००९ रुग्णांवर चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला: जीव वाचत नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढतं. मग ॲनिमिया असलेल्या बाळंतिणींना रक्तस्राव सुरू होण्याआधीच औषध दिलं तर? पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या पंधरा हजारांहून अधिक बायका, २०२३. फायदा नाही. सगळ्यांना सरसकट देण्याचं हे औषध नव्हे. जिला रक्त जातंय तिला, आणि लगेच.

पण ‘जास्त जातंय’ हे कळणार कसं? नर्सच्या आणि डॉक्टरच्या नजरेला ते नीट दिसत नाही, आणि हे सप्रमाण दाखवलं गेलं ते आपल्या शेजारी, बेळगावात. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीच्या खाली अडकवायची एक प्लॅस्टिकची शीट तयार केली. खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मिलीच्या खुणा. २००६ मध्ये त्यांनी छापलं, की नुसत्या नजरेनं केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे पाऊण लिटर गेलं, तर बघणाऱ्याला अर्धाच लिटर वाटतं. हे शिकलेल्या, सवयीच्या डोळ्यांचं. वीसेक वर्षं बायका चादरींच्या हिशेबात सांगत असतात आणि समोरच्याला ती अतिशयोक्ती वाटते, ते याच डोळ्यांना.

तशाच खुणांची शीट आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत वापरली गेली. माप ठरलेल्या रेषेपर्यंत गेलं की वाट न बघता सगळे उपाय एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणं, ते आवळणारी औषधं, सलाइन, तपासणी, आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिड. ‘ई-मोटिव्ह’ नावाच्या या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. अतिरक्तस्राव, त्यासाठी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया आणि मृत्यू, हे तिन्ही मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. जगात दरवर्षी सुमारे ७० हजार बायका बाळंतपणातल्या रक्तस्रावानं मरतात, हे लक्षात घेतलं की या साठ टक्क्यांचं वजन कळतं.

उरलेली अडचण सुईची आहे. आजची शिफारस शिरेतून द्यायची आहे. रक्त गेलेल्या बाईची शीर सापडत नाही, नाडी बारीक झालेली असते, आणि उपकेंद्रात रात्री दोन वाजता एकटी एएनएम असते, तीही असली तर. म्हणून हेच इंजेक्शन दंडात किंवा मांडीत दिलं तर चालेल का, हे बघायला घेतलं. जखमी रुग्णांत, आणि नंतर सिझेरियन झालेल्या बायकांत, स्नायूतून दिलेलं औषध पंधरा मिनिटांच्या आत रक्तात पुरेसं चढतं, असं दिसलंय. जीव वाचतात का, हे ठरवायची मोठी चाचणी त्याच लंडनच्या चमूनं हाती घेतली आहे.